नेमकं कोणत्या कार्यालयात जायचं? ज्येष्ठ, भाडेकरू आणि रहिवाशांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांची अडचण एकच आहे. मदत देणारी यंत्रणा आहे, पण माणूस चुकीच्या खिडकीपाशी उभा राहतो किंवा योग्य खिडकीपाशी तोंडी बोलून परत येतो. म्हणून प्रत्येक उत्तरात कुठे जायचं, काय न्यायचं आणि काम कशामुळे अडतं, हे तिन्ही सांगितलं आहे. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर तिने राहतं घर बक्षीसपत्र करून माझ्या थोरल्या भावाच्या नावावर केलं. आता तो तिला खर्चाला पैसे देत नाही, औषधांवरून बोलतो, ‘दुसरीकडे बघ’ असंही म्हणतो. मी मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात असते. पोलिसांनी ‘घरगुती मामला आहे’ म्हणून परत पाठवलं. कुठे दाद मागायची? (नाशिक जिल्हा)

उत्तर : उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषण व कल्याणासाठी २००७ साली कायदा झाला. त्याखालचं न्यायाधिकरण प्रांताधिकारी चालवतात. आई राहते त्या जिल्ह्यात किंवा मुलगा राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. आईला फेऱ्या मारणं शक्य नसेल, तर तिच्या लेखी अधिकारपत्रावर तुम्ही किंवा एखादी संस्था अर्ज करू शकते. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. त्यामुळे सुनावणीत भाऊ तुमच्याकडेही बोट दाखवेल. आपण आईसाठी दरमहा किती देऊ शकतो, याचा आकडा मनाशी ठरवून जा.

न्यायाधिकरण दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह खर्च मंजूर करू शकतं. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून एकदाच ३० दिवस वाढतात. तोवर आईने काय करायचं? त्यासाठी अंतरिम रक्कम मागता येते. ती मागणी मूळ अर्जातच स्वतंत्र परिच्छेदात लिहा. बहुतेक अर्जांत ती लिहायची राहून जाते.

अर्जात ‘मुलगा सांभाळत नाही’ एवढंच लिहिलं तर अधिकाऱ्यांच्या हाती ठरवायला काही उरत नाही. महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडा. रक्तदाब-मधुमेहाची औषधं अमुक, तपासण्या अमुक, दूध-किराणा, मोलकरीण, फोन, दवाखान्याची रिक्षा असं ओळीवार लिहा आणि औषध दुकानाची तीन महिन्यांची बिलं मागे लावा. त्याशिवाय आईच्या वयाचा पुरावा, आधार, बँक पासबुक, बक्षीसपत्राची प्रत आणि त्याची सूची क्रमांक दोन (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) लागेल. भावाची नोकरी-धंदा, पत्ता, अंदाजे उत्पन्न यांचाही उल्लेख करा.

आता घराविषयी. कलम २३ सांगतं की, देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणारा ती अट पाळत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. खरी गोम ‘अट’ या शब्दात आहे. पुष्कळ बक्षीसपत्रांत ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ एवढंच लिहिलेलं असतं, सांभाळाची ओळ नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एका निकालात अट सिद्ध व्हायला हवी असं म्हटलं. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. म्हणून बक्षीसपत्र ओळन् ओळ वाचा. त्याच वेळी केलेलं वचनपत्र, नातेवाइकांसमोरची लेखी कबुली, मेसेज, जे असेल ते अर्जाला जोडा. निर्वाह आणि घर या दोन्ही मागण्या एकाच अर्जात, पण वेगवेगळ्या क्रमांकाखाली ठेवा. घराचा मुद्दा फसला तरी निर्वाह खर्चाचा हक्क शाबूत राहतो.

कलम १७नुसार या न्यायाधिकरणापुढे वकील उभा करता येत नाही. अर्ज लिहून घेण्यासाठी मात्र जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते. फोन करायचा तर १५१००. निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या अपिलीय न्यायाधिकरणात अपील होतं. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा. लोक ‘देईल, देईल’ म्हणत वर्ष घालवतात आणि जुनी थकबाकी अडकते.

मारहाण किंवा घराबाहेर काढण्याची धमकी असेल, तर ११२. शिवाय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईही मुलाविरुद्ध दाद मागू शकते. त्यासाठी महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ‘घरातून काढू नये’ असा आदेश त्या मार्गाने मिळवता येतो. पोलीस ठाण्यात पुन्हा गेलात तर तोंडी सांगू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

प्रश्न : वय ७८, एकटाच राहतो. मुलं परदेशात. पैशाची अडचण नाही, पण रात्री काही झालं तर कोणाला सांगायचं, बँकेत कसं जायचं, याची धास्ती वाटते. (पुणे)

उत्तर : पहिला नंबर पाठ करा : १४५६७. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालते, पैसे लागत नाहीत. निवृत्तिवेतन, योजना, कायदा यांची माहिती, मनमोकळं बोलणं, छळ होत असेल तर प्रत्यक्ष हस्तक्षेप, हे त्यांचं काम. रात्रीची तातडी त्यांच्या वेळेत बसत नाही. रात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. मन फार खचलं तर १४४१६ वर टेलिमानसची मानसिक आरोग्य सेवा आहे.

तुमच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदीविषयी विचारा. नाव, पत्ता, आजार, मुलांचे नंबर, घरकाम करणाऱ्यांची नावं आणि किल्ली कोणाकडे असते हे लिहून द्या. घरात मदतनीस ठेवणार असाल, तर त्याच्या ओळखपत्राची प्रत त्याच खेपेत ठाण्यात द्या.

एक छोटं काम आजच करा. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, चालू औषधं व त्यांचं प्रमाण, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा नंबर, विमा किंवा आयुष्मान कार्डाचा क्रमांक आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर लिहा. तो कागद मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. रुग्णवाहिकेतली माणसं दारातूनच येतात, कपाटातली फाइल शोधायला त्यांना वेळ नसतो. दाराला आतून कडी आणि साखळी दोन्ही लावून झोपत असाल, तर शेजाऱ्याकडे किल्ली असूनही उपयोग होत नाही. बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच वापरा.

बँकेविषयी : सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच दिले आहेत. रोख आणून देणं, चेक नेणं, हयातीचा दाखला यांसाठी शाखेत लेखी नोंदणी करा. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो किंवा पोस्टमनला शुल्क देऊन घरी करून घेता येतो. तुम्ही ८० पूर्ण केलीत की नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरपासूनच दाखला देता येईल.

आणि जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालाच. फेस्कॉम या राज्यव्यापी महासंघाशी जोडलेले संघ गावोगावी आहेत. एक दिवस तुम्ही दिसला नाहीत तर चौकशीला येणारी माणसं सरकारी यंत्रणा देऊ शकत नाही, ती संघातच मिळतात.

‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलं, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा फोन आला तर ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : आम्ही दोघंही सत्तरीच्या पुढे. मुलाचा खासगी विमा आहे. तरी आयुष्मान कार्ड मिळतं का? दोघांना पाच-पाच लाख मिळतात का? (कोल्हापूर)

उत्तर : कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड दिलं जातं. खासगी विमा किंवा ईएसआय असली तरी अडत नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल, तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते. पाच लाखांची वार्षिक मर्यादा कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून आहे, म्हणजे तुम्हा दोघांत पाच लाख. कार्ड आधारच्या केवायसीवर निघतं आणि वयही आधारवरूनच धरलं जातं. आधारवर जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष असेल किंवा ते चुकलेलं असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. भरती होण्यापूर्वी १४५५५ वर फोन करून दोन गोष्टी विचारा : रुग्णालय योजनेत आहे का, आणि हा उपचार त्या रुग्णालयाला मंजूर आहे का. रुग्णालय यादीत असतं, पण नेमकी हवी ती शस्त्रक्रिया तिथे योजनेत नसते. घोटाळा बहुधा इथेच होतो.

प्रश्न : भाड्याने फ्लॅट घेतोय. भाडं १५,०००, अनामत ५०,०००. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे. आधीच्या घरमालकाने अनामत बुडवली, म्हणून विचारतोय. (ठाणे)

उत्तर : नोटरी पुरे नाही. ‘अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे मालकांना शांतपणे दाखवा. बहुतेक जण तिथेच तयार होतात.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवरचं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागतं. तुमचा करार बारा महिन्यांचा धरला तर भाडं १,८०,००० आणि अनामतीवरचं व्याज ५,०००, मिळून १,८५,०००. त्याचे ०.२५ टक्के ४६२ रुपये ५० पैसे. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. वर संगणकीय हाताळणीचं शुल्क आणि एजंट घरी बोलावलात तर त्याची फी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे ऑनलाइन होतं. दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार आणि सगळ्यांचं आधार लागतं.

एजंटच्या छापील मसुद्यात अनामतीबद्दल बहुधा एकच मोघम ओळ असते. तिच्या जागी तीन गोष्टी घाला : ताबा दिल्याच्या दिवशीच (किंवा सात दिवसांत) अनामत परत, कपात फक्त थकीत बिलं आणि लेखी नोंदलेलं नुकसान यांचीच, आणि रंगाचा खर्च कोणाचा. अनामत बँकेतूनच द्या. राहायला जाताना पंखे, गीझर, नळ, काचा यांची यादी करा. भिंतीवरची ओल, फरशीचा तडा आणि वीज मीटरचं वाचन यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. घर सोडताना त्याच क्रमाने पुन्हा फोटो काढा आणि ‘ताबा मिळाला’ अशी सही घ्या.

‘अनामत देत नाही तोवर घर सोडणार नाही’ हा पवित्रा अंगाशी येतो. कलम २४नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्या लायसन्सधारकाकडून दुप्पट दराने रक्कम वसूल होऊ शकते आणि सक्षम प्राधिकारी घर खाली करण्याचा आदेश देतात. तीन महिने अडून बसलात, तर पन्नास हजारांसाठी नव्वद हजारांचं देणं उभं राहील. मुदतीत बाहेर पडा आणि मग पैशासाठी भांडा : आधी स्पीड पोस्टाने मागणीपत्र, पंधरा दिवस वाट, आणि नंतर विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज. तिथे दोन्ही पक्षांना बोलावून तडजोड करतात. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येते. तुमच्या जुन्या मालकाबाबतही हाच मार्ग खुला आहे. दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते, ती उलटू देऊ नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे. ऑनलाइन भरल्याची पावती त्यांच्याकडून मागून घ्या, सोसायटीही तीच मागते. सोसायटी ‘ना वापर शुल्क’ (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) मालकाकडून घेते आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ते तुमच्या माथी मारलं जात असेल तर करार पाहा.

प्रश्न : आमची पागडीची जुनी चाळ. महापालिकेने सी-१ म्हणून नोटीस लावली. मालक म्हणतो, खाली करा. एकदा बाहेर पडलो की खोली गेली, अशी भीती आहे. (मुंबई)

उत्तर : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. भीती आम्हाला समजते, पण हक्कासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. मात्र तो हक्क कागदावर धरून ठेवायचं काम बाहेर पडण्यापूर्वी करावं लागतं.

प्रभाग कार्यालयात सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच अर्ज द्या : रहिवाशांची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं चटई क्षेत्र मोजून नोंदवावं, त्याची सही-शिक्क्याची प्रत मिळावी. मोजणीच्या वेळी पोटमाळा, मोरी, सामाईक व्हरांडा यांचा उल्लेख राहतो. समोर उभं राहून तो लिहून घ्या. भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव आणि जुना भाडेकरार यांच्या स्कॅन प्रती मुंबईबाहेरच्या नातेवाइकाकडेही ठेवा. पावती वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असेल तर वारसाचे कागद आत्ताच गोळा करा. नंतर भांडण मालकाशी कमी आणि भावाभावांत जास्त होतं.

इमारत खरंच त्या अवस्थेत आहे का, अशी शंका असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. तुमच्या अभियंत्याचा अहवाल वेगळा आला, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येतं. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही अर्ज करा; संक्रमण शिबिराची चौकशी तिथेच होते.

सी-१ नसलेल्या जुन्या इमारतींसाठी एक तरतूद आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४नुसार मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या भाड्यात त्यातून एक पत्राही येत नाही. तरीही नोटीस द्या. मालकाने दुरुस्ती टाळली, याचा तो पुरावा होतो.

प्रश्न : गल्लीतलं ड्रेनेज तुंबतं, दोन दिवे महिनोन् महिने बंद. ॲपवर तक्रार केली की चार दिवसांत ‘निकाली’ असा संदेश येतो, काम काहीच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तक्रार नेमकी नसली की ती बंद करणं सोपं जातं. ‘आमच्या गल्लीत अंधार’ असं लिहू नका. खांबावर रंगवलेला क्रमांक असतो, तो लिहा. ड्रेनेजसाठी कोणत्या घरासमोरचं चेंबर, ते लिहा. दिवे आणि ड्रेनेज हे वेगळे विभाग आहेत, दोन्ही एका तक्रारीत घातले की एका विभागाने आपलं काम नाही म्हटल्यावर सगळंच बंद होतं. घरातली वीज गेली तर महापालिका नव्हे, महावितरणचा १९१२.

‘निकाली’ आलं की त्याच क्रमांकाचा हवाला देऊन प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या. पुढची पायरी लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस : दर महिन्याचा पहिला सोमवार, सुट्टी असेल तर दुसरा दिवस. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्याच दिवशी उठून गेलं तर परत पाठवतात.

याच्या जोडीला माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘काम का केलं नाही?’ असं विचारलं तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, कारण त्या कायद्याखाली कारणं नव्हे, नोंदी मिळतात. असं लिहा : ‘तक्रार क्रमांक अमुक निकाली काढताना केलेल्या कामाची नोंद, जागेचा फोटो, मोजमाप पुस्तकातील संबंधित पानाची व ठेकेदाराच्या देयकाची प्रत मिळावी.’ तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मोजमाप पुस्तकाचं पान मागितलं की, आमचा अनुभव असा, उत्तराआधी कामगार येतात.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, शेतमजुरी करायचे, आता जमत नाही. पेन्शन नाही. (बीड जिल्हा)

उत्तर : तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य या अटी आहेत. दरमहा १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आणि वयाचा पुरावा लागेल. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे ना हे अर्जाआधी बँकेत विचारा. मंजुरी होऊन पैसे न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.

चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये मिळतात. वय ६५, उत्पन्न दोन लाखांच्या आत. ती समाजकल्याण विभागाची योजना आहे, तहसीलची नाही. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर ठेवले तर एक हमखास हरवतो.

प्रश्न : एसटीत मोफत प्रवास नेमका कितव्या वर्षापासून? (सांगली)

उत्तर : ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणून सांगलीहून बेळगावला जाताना हद्दीपुढचं भाडं द्यावं लागतं. वय दाखवणारं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.